मेंढा देऊन गेंडा

आमच्या घरात गेंडा आला तो टपालाने. त्याआधी हा प्राणी मला फक्त लोकांच्या बोलण्यातून माहीत होता. शाळेतले गुरुजी गृहपाठ न करणाऱ्या पोरांना 'गेंड्याच्या कातडीचे' म्हणायचे, आणि मी छडी खाऊनही रडत नसे, उलट त्यांच्या डोळ्यांत बघत राहायचे, म्हणून ते बिरूद वर्गात बहुतेक वेळा माझ्याच वाट्याला यायचं. मी भांडखोर होते. आजही आहे, घरचे खात्रीने सांगतील. पण तेव्हा माझ्या भांडणांची कारणं फार बारीक असायची, आणि हे प्रकरण ज्याच्याविषयी आहे ते माझं पहिलं मोठं भांडण. ते मी जिंकले, म्हणून तर इतक्या हौसेने लिहायला बसले आहे.

ताडकळसच्या अलीकडे, रस्ता सोडून दोन शेतं आत आमची वस्ती होती. दोन खणांचं पत्र्याचं घर, पुढे बाभळीच्या काट्यांनी वेढलेला मेंढरांचा वाडा, आणि त्या वाड्याचा वास आमच्या कपड्यांना, अंथरुणाला, माझ्या दप्तरालासुद्धा. शाळेत पोरी नाक धरायच्या. मला मात्र तो वास आला की घर जवळ आलं हे कळायचं. घरात आबा, माय, वहिनी आणि मी. मोठा भाऊ, मारोतीदादा, फौजेत होता. सकाळी जाग यायची ती मायच्या भाकरी थापण्याच्या आवाजाने, आणि त्याच वेळी वाड्यात कोकरांचा गलका सुरू व्हायचा, कारण प्रत्येकाला आपलीच आई हवी असायची. एखादं कोकरू चुकलं तर आबा त्याच्या टाळूचा वास घ्यायचे आणि न अडखळता सांगायचे, "ही त्या भुरीची पोर हाय, सोड तिच्याकडं." कधी चुकले नाहीत. पंचक्रोशीत आबांच्या नाकाची ख्याती होती. येसरच्या आमटीत मसाला जरा जास्त भाजला गेला तरी ते उंबऱ्यातूनच ओळखायचे, आणि मायला त्याचा राग यायचा.

लग्नानंतर वर्षभरात दादाची बदली आसामात झाली. त्यांची छावणी एका मोठ्या गवताळ जंगलाला लागून होती आणि तिथला एक जंगलरक्षक त्याचा दोस्त झाला होता. मग निळ्या अंतर्देशीय पत्रांतून गेंडे यायला लागले. घरात वाचता येणारी मी एकटी, त्यामुळे पत्र आलं की माझा रुबाब बघण्यासारखा असायचा. दुपारची मेंढरं झाडाखाली बसलेली, आबा चातीवर लोकर कातत, माय जवस निवडत, आणि वहिनी दाराआड उभी. वहिनीपुरता जो मजकूर असायचा तो मी मोठ्याने वाचत नसे. तो नंतर वाड्यामागे तिला वाचून दाखवायचा, आणि ती ऐकत नसल्यासारखं करायची, पण एक ओळ गाळली तरी तिला कळायचं.

दादाने पहिल्याच पत्रात लिहिलं की आपल्याकडचं बोलणं सगळं खोटं आहे. गेंड्याची कातडी जाड खरी, घड्याघड्यांची, अंगावर चिलखत घातल्यासारखी. पण तिला ऊन सोसत नाही, माश्या डसतात, म्हणून तो बिचारा तासन्‌तास चिखलात पडून राहतो आणि पाठीवरचे किडे पक्ष्यांकडून टिपून घेतो. हे मी दुसऱ्या दिवशी वर्गात गुरुजींना ऐकवलं आणि आणखी एक छडी खाल्ली. आबांना मात्र या जनावराची गोडी लागली. जन्मभर जनावरांत राहिलेला माणूस, त्यांचे प्रश्नही तसे होते. चरतो काय? रवंथ करतो का? गाभण किती दिवस राहते? मी ते प्रश्न लिहून पाठवायची आणि महिन्याभराने उत्तर यायचं. रवंथ करत नाही. वरचा ओठ बोटासारखा वळवून गवत ओढतो. डोळ्यांनी जेमतेम दिसतं, पण नाक आणि कान असे तीक्ष्ण की वारा फिरला तर लांबचा माणूस ओळखतो. हे ऐकून आबा खुशीत आले. "नाकाचं जनावर हाय म्हना की," असं म्हणून त्यांनी स्वतःच्या नाकावरून बोट फिरवलं. भांडताना तो शिंगापेक्षा दातांनी जास्त फाडतो, हेही त्यांना पटलं. आणि सगळे गेंडे ठरलेल्या एकाच जागी शेण टाकतात, त्या ढिगाचा वास घेऊन कोण आलं-गेलं ते समजून घेतात, हे वाचलं तेव्हा आबा चाती खाली ठेवून हसले. "एका जाग्यावर? मंग आपल्या गावापरीस शाने म्हनायचे!"

गेंडी सोळा महिने गाभण राहते आणि एकच पिल्लू देते, या ओळीवर दाराआडून आवाज आला, "बया, सोळा! मला नवाचंच वझं झालंय." वहिनीला तेव्हा सातवा महिना होता.

इथे थोडं मागे जायला हवं. वहिनी राणीसावरगावची. पहिलं बाळंतपण रिवाजाप्रमाणे माहेरी झालं होतं आणि दोन दिवस अडून शेवटी मूल गेलं. ती कशीबशी वाचली. म्हणून या खेपेला आबांनी तिला माहेरी धाडलं नाही. नववा लागला तेव्हा उपकेंद्रातल्या सिस्टर येऊन पोट तपासून गेल्या आणि मायला म्हणाल्या, बाळ आडवं आहे, फिरलं नाही तर हे घरी होणार नाही, कळा सुरू व्हायची वाट न बघता परभणीला न्या. आबांनी ते ऐकलं. दवाखान्यात पोट फाडतात, एवढंच त्यांना माहीत होतं, आणि पोट फाडलेलं जनावर त्यांनी कधी उठलेलं पाहिलं नव्हतं. "त्या बाई समद्यांलाच तसं सांगत्यात," एवढं बोलून विषय संपला. वहिनीने मात्र वाड्यामागे माझा हात धरून स्वतःच्या पोटावर ठेवला, डाव्या कुशीकडे. काहीतरी टणक, गोल हाताला लागलं. "डोकं हितं हाय, सुमे. मागच्या येळंला बी असंच लागत व्हतं. मला लय भ्या वाटायलंय." मी चौदा वर्षांची. मला तिच्यापेक्षा जास्त भीती वाटली, आणि भीती वाटली की मला राग येतो.

त्याच दिवसांत दादाचं ते पत्र आलं. जंगलात एका गेंडीला शिंगासाठी मारलं होतं. गेंडे पाण्याकडे जायला रोजची वाट सोडत नाहीत, हे चोरांना ठाऊक. त्यांनी वाटेवर खड्डा खणून वर गवत पसरलं आणि पडलेल्या गेंडीचं शिंग कापून नेलं. दादा दोस्ताबरोबर पोहोचला तेव्हा तिचं पिल्लू खड्ड्याच्या काठावर उभं होतं आणि हलायला तयार नव्हतं. "आपल्या कोकरासारखं ओरडत होतं," असं दादाने लिहिलं होतं. दोस्ताचं म्हणणं, या शिंगात हाड नसतं, गाभा नसतो. आपले केस, नखं, जनावराची खुरं ज्याची बनतात त्याचंच ते, मोडलं तर पुन्हा वाढतं. पण परदेशातले लोक औषध म्हणून वाटेल तो भाव देतात. मी वाचताना रडले. मायही रडली. आबा चाती फिरवता फिरवता असं काही बोलले की मी चाटच पडले. "मान्सं जीव धोक्यात घालून ज्याच्यामागं जायल्यात, त्या शिंगात गुन आसंलच की गं." दादाने पोटतिडकीने लिहिलेल्या पत्रातून आमच्या घरात शिंगाची पत वाढली! ते पिल्लू पुढे बाटलीच्या दुधावर जगलं आणि मोठं झाल्यावर गवतात सोडलं, असं दादाने नंतर कळवलं. आता माझा मुलगा मोबाईलवर दाखवतो, तिकडे गेंडे पुन्हा वाढलेत, पहारे कडक झालेत. तेव्हा घरचं कुणी दुखण्यातून उठल्यासारखा मला आनंद होतो.

तर अशा तयार झालेल्या मनाने आबा ताडकळसच्या बाजाराला गेले आणि तिथे त्यांना तो माणूस भेटला. सफारी घातलेला, मोटारसायकलवर पेटी, पेटीत लाल मखमल आणि मखमलीत एक काळपट, वाकडं शिंग. आसामातून आणलंय म्हणे. गरोदर बाईच्या उशाखाली ठेवलं की आडवं मूल आपोआप फिरतं, कळा कमी होतात, दवाखान्याचं तोंड बघावं लागत नाही. मोबदल्यात त्याला आमचा हिरा हवा होता. हिरा आमचा मेंढा. काळाभोर, वळणदार शिंगांचा, आमच्या वाड्यातलं निम्मं पीक त्याचं. आबांनी पुढच्या बाजाराचा वायदा केला. त्याने खात्रीसाठी शिंगाचा थोडा कीस पुडीत बांधून दिला. दोन दिवसांत ही खबर सगळीकडे झाली आणि शाळेच्या वाटेवर पोरं मला चिडवायला लागली, "सुमे, तुहा बाप मेंढा देऊन गेंडा आनायलाय म्हनं!"

मला ठाऊक होतं की तो माणूस लबाड आहे. म्हशीचं शिंग तासून आणलं असणार. मी घरी आले, पुडी घेतली आणि आबांच्या देखत चुलीतल्या निखाऱ्यावर चिमूटभर कीस टाकला. माझा हिशेब साधा: खोटं असेल तर भलताच वास येईल आणि आबांचं नाकच त्याला पकडेल. धूर निघाला. केस जळाल्याचा वास आला, अगदी ठसक्यात. आबांनी डोळे मिटून तो घेतला आणि समाधानाने मान हलवली. "तुह्याच भावानं लिव्हलंय नं, केसाचंच आस्तंय म्हनून? मंग? असली माल हाय." मी तोंडात मारल्यासारखी बसले. शहाणपणा करायला गेले आणि त्या लबाडाची साक्षीदार झाले. वहिनी कोपऱ्यात भाजी निवडत होती. तिने एकदा माझ्याकडे बघितलं आणि पुन्हा मान खाली घातली. ते बघणं मला आजही सोसत नाही.

तीन-चार दिवस गेले. पाऊस उघडला होता. आमच्या काळ्या मातीच्या चिखलात पावसाळाभर उभी राहून मेंढरांची खुरं वेडीवाकडी वाढतात, ती या दिवसांत छाटावी लागतात. आबा मेंढी उताणी करून दोन पायांत धरायचे आणि सुरीने खुराचा वाढलेला भाग काढायचे. मी सगळं झाडून टोपलीत भरायची. त्या दिवशी माय वाड्यातला काडीकचरा जाळत होती. मी टोपली नेली आणि विचार न करता आगीत उपडी केली. धूर माझ्या तोंडावर आला. केस जळाल्याचा वास. मी तिथेच उभी राहिले. अरे, मी चुकीचं भांडण भांडत होते! शिंग खरं की खोटं, हा प्रश्नच नव्हता. खरं असलं तरी ते काय आहे? हे आहे! आमच्या भुरीच्या पायाखाली जे वाढतं, तेच. मी बाजूला सांडलेल्यातले दोन तुकडे उचलले आणि परकराच्या ओच्यात बांधले. मग थोडा विचार करून स्वतःच्या पायाची नखंही कापली आणि वेगळी बांधली. पुडीत उरलेला कीस होताच.

बाजाराच्या दिवशी मी हट्टाने आबांबरोबर गेले. हिराच्या गळ्यातली दोरी माझ्या हातात होती. तो सफारीवाला बैलबाजाराच्या कडेला बसला होता, पुढ्यात निखाऱ्यांचं धुपाटणं, भोवती दहा-बारा माणसं. आबांनी रामराम केला तसा त्याने हिराच्या पाठीवर हात फिरवला. मी दोरी मागे ओढली.

"आबा," मी म्हणाले, "तुमी पाठ करून हुबं ऱ्हावा. मी ह्या निखाऱ्यावर तीन येळा जाळते. त्यातलं गेंड्याचं कंचं ते तुमच्या नाकानं सांगा. वळखलं तर हिरा मी सोताच्या हातानं देते."

"ये क्या तमाशा है? काका, पोरीला आवरा," तो माणूस म्हणाला.

पण माणसं जमली होती आणि त्यांना मजा हवी होती. शिवाय मी आबांच्या नाकाला हात घातला होता. ते म्हणाले, "थांबा वो जरा. माह्या नाकावर माहा भरवसा हाय." आणि बाजाराकडे तोंड करून, हात मागे बांधून उभे राहिले.

मी पहिलं टाकलं, मग दुसरं, मग तिसरं. मध्ये पदराने, म्हणजे मायच्या जुन्या लुगड्याच्या तुकड्याने, धूर हटवत होते. आबांनी तिन्ही वेळा दीर्घ श्वास घेतला, जरा विचार केला आणि ठाम आवाजात म्हणाले, "पयलं. पयलं गेंड्याचं. कसं ठसक्यात आलं!"

"ते आपल्या भुरीचं खूर हाय, आबा. मागच्या डाव्या पायाचं."

माणसं हसायला लागली. आबा वळले. "मंग दुसरं."

"ते माही नखं."

मग जो हशा झाला तो पार मिरचीवाल्यांपर्यंत गेला असेल. कुणीतरी ओरडलं, "आबा, त्या भुरीलाच उशाला बांधा!" आबा मात्र हसले नाहीत. रागावलेही नाहीत. मला वाटलं होतं, चारचौघांत बापाची फजिती केली, आता कानाखाली बसणार. ते खाली बसले, माझ्या हातातलं उरलेलं खूर घेतलं, सफारीवाल्याच्या पुडीतला कीस घेतला, दोन्ही पुन्हा एकेक करून निखाऱ्यावर टाकले आणि स्वतः खात्री करून घेतली. ते काय आठवत होते ते मला दिसत होतं. अडलेल्या मेंढीच्या पोटात तेल लावलेला हात घालून आडवं कोकरू सरळ करताना मी त्यांना किती वेळा पाहिलं होतं! मेंढीच्या बाबतीत आबा डॉक्टर होते. सुनेच्या बाबतीत ते नुसते सासरे झाले होते.

"आपल्या वाड्यात टोपलीनं खुरं पडत्यात," ते हळू बोलले, माझ्याशी की स्वतःशी कोण जाणे. "त्याच्यातच मेंढरं बसत्यात, उठत्यात. तरी आडायची ती आडतीच. न्हाई गं पोरी. ह्याच्यानं पोर फिरायचं न्हाई. फिरवायला हात लागतो." आणि उठून त्या माणसाला म्हणाले, "हे खरं आसंल तर तू त्या मुक्या जीवाला मारनाऱ्यांतला. अन् खोटं आसंल तर चोर. दोन्हीतलं कोन ते सांग, म्हंजी तशी मान्सं बोलवितो."

त्याने घाईने आवरतं घेतलं. मखमल, पेटी, धुपाटणं गुंडाळून मोटारसायकलला लाथा मारायला लागला, आणि ती काही केल्या सुरू होईना. शेवटी बाजारातल्याच चौघांनी हसत हसत त्याला धक्का मारून रस्त्याला लावलं. मी हिराला घेऊन बाजारातून चालले तेव्हा माणसं बाजूला होऊन वाट देत होती. ती मिरवणूकच होती, मी दुसरं काही म्हणणार नाही. आबांनी मला गरम भजी घेऊन दिली, आणि हिरानेही त्यातली दोन खाल्ली.

दुसऱ्या दिवशी सकाळी पहिल्या जीपने आम्ही वहिनीला घेऊन परभणीला निघालो. मायने धपाटे बांधून घेतले होते, पण आबांनी वाटेत एक घाससुद्धा खाल्ला नाही. दवाखान्यात पोहोचलो आणि तासाभरात वहिनीला कळा सुरू झाल्या. घरी असतो तर काय झालं असतं, हा विचार आम्हा तिघांच्याही मनात एकदमच आला असावा, कारण कुणी कुणाकडे बघेना. तिला आत नेलं. आबा भिंतीला टेकून उकिडवे बसले. फिनेलच्या वासाने त्यांचं नाक सारखं मुरडत होतं. एवढा दांडगा माणूस, पण दर वेळी दार वाजलं की दचकायचा.

दुपार कलली तेव्हा डॉक्टरीणबाई बाहेर आल्या. ऑपरेशन झालं होतं. मुलगी झाली होती, आणि दोघीही सुखरूप होत्या. मायने तिथेच खाली बसून फरशीला हात लावून नमस्कार केला. मी मात्र मोठ्याने रडले, छडी खाऊन कधी न रडलेली मी, अगदी हुंदके देऊन. बाई म्हणाल्या, घरी ठेवलं असतं तर दोघींपैकी एकही हाती लागली नसती, आणि मग आमच्याकडे बघून विचारलं, "वेळेवर आणलं. कुणी आणलं हिला?"

आबांना कुणी मुलं किती म्हणून विचारलं, तर ते 'एक पोरगा हाय, फौजेत' एवढंच सांगायचे. माझं नाव त्या उत्तरात कधी नसायचं, आणि त्याचं वाईट वाटतं हे मी कुणाला दाखवलंही नव्हतं. ते उठले, धोतर झटकलं, डोक्यावरचं मुंडासं सारखं केलं, आणि माझ्या खांद्याला धरून मला बाईंच्या पुढ्यात उभं केलं.

"ह्या माह्या पोरीनं आनलं," ते म्हणाले. "आमी निसतं संगं आलो."